सोलरची तीन कोटेशनं हातात आहेत, बॅटरी घ्यावी का? (कराड)

कृष्णाकाठ | ११ जानेवारी २०२६, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. कराडजवळ आमचं बैठं घर आहे, वर स्लॅब. घरात आम्ही दोघं, दोन पोरं आणि सासूबाई. गेल्या उन्हाळ्यात एसी घेतला आणि मे महिन्याचं लाईटबिल बघून ह्यांनी तीन दिवस रिमोट कपाटात कुलपात ठेवला. तेव्हापासून घरात सोलर, सोलर चाललंय. आता तीन ठिकाणांहून कोटेशनं आणली आणि आधी होता त्याहून गोंधळ वाढला.

एजन्सीची नावं टाकत नाही, क, ख, ग म्हणते.

क : ३.३ किलोवॅट ऑनग्रीड (म्हणजे महावितरणच्या तारेला जोडलेलं, बॅटरी नाही), ५५० वॅटचे ६ पॅनेल, ३ किलोवॅटचा इन्व्हर्टर. "फक्त १,०५,०००."

ख : ३.२७ किलोवॅट ऑनग्रीड, ५४५ वॅटचे ६ पॅनेल, ३.३ किलोवॅटचा इन्व्हर्टर. १,९२,०००.

ग : ५ किलोवॅट हायब्रीड आणि सोबत ५ युनिटची लिथियम बॅटरी. ४,३५,०००. हा माणूस घरी येऊन दोन तास बसला, दोनदा चहा झाला. "बिल शून्य, लाईट गेली तरी घर चालू, चार वर्षांत पैसे वसूल."

ह्यांचा जीव क वर जडलाय. दीर पुण्याहून फोनवर सांगतात की बॅटरीशिवाय सोलर म्हणजे पैसे पाण्यात. लाईट आमच्याकडे आठवड्यातून एकदा दुरुस्तीच्या नावाखाली तीन-चार तास जाते, पावसाळ्यात तर विचारूच नका. घरात जुना इन्व्हर्टर आहे, त्याची १५० अँपिअरची ट्युब्युलर बॅटरी दोनच वर्षांपूर्वी बदलली. काय करावं?

मोजूनमापून | ११ जानेवारी, रात्री १०.१५

ताई, दोन गोष्टी सांगा, मग बोलू. एक, मागच्या बारा बिलांतले युनिट, महिन्यावार. रुपये नकोत, युनिट. दुसरं, क आणि ख च्या कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते जसंच्या तसं इथे उतरवा. १,०५,००० मध्ये ३.३ किलोवॅट बसत नाही. काहीतरी बाहेर ठेवलेलं आहे.

ऑफग्रीड_आबा | ११ जानेवारी, रात्री १०.५०

बॅटरी घ्याच. मी आटपाडीकडे शेतावर राहतो. वर पॅनेल, खाली बॅटरी, महावितरणला रामराम. रात्री आख्खी वस्ती अंधारात असते आणि आमच्याकडे नातवंडं टीव्ही बघत असतात.

डीपीवाला | १२ जानेवारी, सकाळी ७.०५

वीज खात्यात ३१ वर्षं काढून निवृत्त झालो. आधी एक गैरसमज दूर करतो, कारण दर दोन महिन्यांनी या विषयावर तोच निघतो.

साधं ऑनग्रीड सोलर लाईट गेली की बंद पडतं. डोक्यावर भर दुपारचं ऊन असलं तरी बंद. हा बिघाड नव्हे, मुद्दाम केलेली सोय आहे. वायरमन डीपीवरून पुरवठा पाडून खांबावर चढलाय आणि तुमच्या गच्चीवरचं सोलर त्याच तारेत वीज सोडतंय, असं झालं तर त्याचा जीव जाईल. म्हणून लाईनला वीज नाही असं दिसलं की इन्व्हर्टर क्षणात स्वतःला तोडून घेतो. क आणि ख च्या माणसांनी हे सांगितलं का? बहुतेक नसेल. विकणारे सांगत नाहीत, घेणारे विचारत नाहीत, आणि पहिल्यांदा लाईट गेली की भांडण.

लाईट गेल्यावरही पॅनेलची वीज वापरायची असेल तर हायब्रीड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. म्हणजे तुमचे दीर पूर्ण चुकलेले नाहीत. फक्त ती गरज केवढी आहे हे मोजायला हवं.

कृष्णाकाठ | १२ जानेवारी, रात्री ८.३०

नाही हो काका, कुणीच सांगितलं नाही! मी तर समजत होते की दिवसा लाईट गेली तरी पंखे चालतील.

युनिट असे : एप्रिल ४२०, मे ४४०, जून ३२०, जुलै २५०, ऑगस्ट २४०, सप्टेंबर २५०, ऑक्टोबर २७०, नोव्हेंबर २२०, डिसेंबर २००, जानेवारी २००, फेब्रुवारी २२०, मार्च २९०. वर्षाची बिलं मिळून ३९,००० च्या आसपास गेलीत.

क च्या तळाशी : "दर सबसिडी वजा करून. सबसिडी ग्राहकाच्या खात्यात जमा होईल. स्ट्रक्चर ३ फूट. उंच स्ट्रक्चर १८,००० जादा. मीटर, टेस्टिंग व महावितरणचे शुल्क ग्राहकाकडे. ८० टक्के ॲडव्हान्स."

ख च्या तळाशी : "जीएसटी वेगळा. स्ट्रक्चर पुढून ६ व मागून ८ फूट. नेटमीटरचा खर्च समाविष्ट. ५ वर्षे देखभाल. इन्व्हर्टर वॉरंटी १० वर्षे."

ग च्या तळाशी फक्त "सर्व करांसह" आणि सही-शिक्का.

मोजूनमापून | १२ जानेवारी, रात्री १०.०५

आता आलं लक्षात. तिघांनी तीन वेगवेगळ्या ठिकाणी उभं राहून आकडा सांगितलाय. तिघांना एका ओळीत उभं करू.

पंतप्रधान सूर्यघर योजनेत घरगुती ग्राहकाला पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० मिळतात. म्हणजे जास्तीत जास्त ७८,०००. ५ बसवा नाहीतर १० बसवा, तेवढेच. क ने हे ७८,००० आधीच वजा करून दाखवलेत. पण पैसे आधी तुम्ही पूर्ण भरायचे आणि सबसिडी मागाहून तुमच्या खात्यात येते. तर क चा खरा आकडा १,८३,०००. उंच स्ट्रक्चर तुम्हाला लागेलच (खाली कपडे वाळत घालाल, पापड घालाल), त्याचे १८,०००. मीटर आणि कागदपत्रांचे पाचेक हजार धरा. झाले २,०६,०००.

ख चे १,९२,००० अधिक जीएसटी. सोलरच्या कामात ७० टक्के रक्कम माल आणि ३० टक्के सेवा धरतात. सप्टेंबर २०२५ पासून मालावर ५ टक्के झालाय, पूर्वी १२ होता. सेवेवर १८ आहेच. मिळून ८.९ टक्के पडतो. म्हणजे १७,००० च्या आसपास. झाले २,०९,०००. त्यांनी जर १३.८ टक्के लावला तर तो जुना हिशेब आहे, मान्य करू नका.

ज्या दोन कोटेशनांमध्ये तुम्हाला ८७,००० चा फरक दिसत होता तो ३,००० वर आला. आणि त्या ३,००० त ख कडे १० वर्षांची इन्व्हर्टर वॉरंटी आहे. क ची वॉरंटी किती, ते त्यांनी लिहिलेलंच नाही.

अजून एक. सबसिडी पॅनेल आणि इन्व्हर्टर यांतला जो आकडा लहान, त्यावर मिळते. तुमच्या दोन्हींत ३ किंवा जास्त आहे, त्यामुळे इथे अडचण नाही. पण ३.३ चे पॅनेल आणि २.५ चा इन्व्हर्टर असलं काही कुणी गळ्यात मारलं तर सबसिडी अडीचचीच.

स्लॅबखाली | १३ जानेवारी, सकाळी ११.२०

मला वेगळाच प्रश्न पडलाय. ताईंना ३ किलोवॅट लागतं का?

वर्षाचे युनिट ३,३२०. आपल्याकडे एक किलोवॅट दिवसाला सरासरी ४ युनिट देतं असं धरतात. धूळ, ढग, काजळी वगैरे कापून मी वर्षाला १,३५० च धरतो. २.२ किलोवॅटने २,९७० होतात. उरले ३५०. आणि पहिले १०० युनिट स्वस्तात पडतात, खिसा कापला जातो तो १०० च्या वरच्या टप्प्यात आणि त्याहून जास्त ३०० च्या वर. सोलर आधी ती वरची महागडी साय काढून घेतं. तळातले स्वस्त युनिट वाचवायला जास्तीचे पॅनेल लावणं मला पटत नाही. दोन किलोवॅटला ६०,००० सबसिडी मिळते, खिशातून साधारण ७५,००० जातील. अडीच वर्षांत वसूल.

आणि ग चा ५ किलोवॅट? तो ६,७५० युनिट करेल, म्हणजे तुमच्या गरजेच्या दुप्पट. उरलेल्याचं काय होतं ते इथे बऱ्याच जणांना माहीत नाही. नेटमीटर तारेत दिलेले आणि तारेतून घेतलेले युनिट मोजतो. या महिन्याचे जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यात जमा होतात, पण हे खातं ३१ मार्चला बंद होतं. तोवर उरलेल्यांचे पैसे वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने मिळतात आणि तो दर आपण ज्या भावाने वीज विकत घेतो त्याच्या पासंगालाही पुरत नाही. गंमत बघा, ऑक्टोबर ते मार्च ऊन चांगलं, पंखे-एसी बंद, युनिट साठत जातात, आणि एसी लावायच्या बरोबर आदल्या दिवशी साठा शून्य. गोणी भरून ठेवावी आणि पाहुणे यायच्या दिवशीच उंदरांनी खावी, तसं.

कृष्णाकाठ | १३ जानेवारी, रात्री ९.१५

बाप रे, ३१ मार्चचं पहिल्यांदाच ऐकलं. पण ह्यांना इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायचीय, ड्युटीवर रोज जाऊन-येऊन तीसेक किलोमीटर पडतात. आणि गॅस वाचवायला इंडक्शनवर स्वयंपाक करायचा माझा विचार आहे. तरी दोनच पुरेल?

स्लॅबखाली | १३ जानेवारी, रात्री ९.५०

मग माझं म्हणणं मागे घेतो. स्कूटरला दिवसाला एक युनिट धरा, वर्षाचे ३६०. इंडक्शन पाच माणसांचं म्हणजे महिन्याला साठ-सत्तर युनिट, वर्षाचे ८०० धरा. सगळे मिळून ४,४८० होतात आणि ३.३ किलोवॅटही ४,४५० च्या घरात देतं. मापाने शिवल्यासारखं. पण स्कूटर खरंच घेणार असाल तरच. "घ्यायचीय" आणि "घेतली" यात आमच्याकडे सात वर्षं गेली.

ऑफग्रीड_आबा | १४ जानेवारी, सकाळी ६.३०

सगळे बिलाचंच बोलताय. लाईट नसण्याचा त्रास रुपयांत मोजता येतो का? आमच्याकडे दिवसाला आठ-आठ तास नसते.

मोजूनमापून | १४ जानेवारी, सकाळी ९.४०

आबा, तुमच्याकडे बॅटरी हवीच, त्यात वाद नाही. पण ताईंकडे आठवड्यातून चार तास जाते आणि पावसाळ्यात थोडी जास्त. वर्षाचे तीनशे तास धरू. तेवढ्यात पंखे, दिवे, फ्रीज, वायफाय मिळून साडेचारशे वॅट चालवले तर वर्षाला १३५ युनिट बॅटरीतून जातील. त्यासाठी ग च्या कोटेशनमध्ये किती पैसे मोजले जातायत बघा. सबसिडी वजा जाता ग ३,५७,०००, ख १,३१,०००. फरक २,२६,०००. त्यातला निम्मा बॅटरीचा आणि हायब्रीड इन्व्हर्टरचा, बाकीचा नको असलेल्या दोन किलोवॅटचा.

वसुलीचं सांगतो. ताईंचं वर्षाचं बिल ३९,०००. स्थिर आकार सोलर लावूनही भरावाच लागतो, म्हणून वाचतील जास्तीत जास्त ३७,०००. ख साडेतीन वर्षांत वसूल. ग ला साडेनऊ वर्षं लागतात. "चार वर्षांत" हे त्याने कुठून आणलं ते चहा पिताना विचारायला हवं होतं.

आणि जिथे नेटमीटरिंगमध्ये दिवसा दिलेला युनिट रात्री एकास एक परत मिळतो, तिथे महावितरणची तार हीच आपली बॅटरी. ती कधी बदलावी लागत नाही. घरची लिथियम बॅटरी पैसे वाचवत नाही, अंधारातून वाचवते.

यारा_नदीकाठी | १४ जानेवारी, दुपारी २.३०

मेलबर्नहून लिहितेय. माझं माहेर साताऱ्याचं, म्हणून धाग्यावर रेंगाळले. आमच्या गल्लीत गेल्या सहा महिन्यांत दर तिसऱ्या घरी बॅटरी लागली आणि ती पैशांसाठीच लागली. इथे दिवसा ग्रीडला दिलेल्या विजेचा भाव घसरत घसरत जवळजवळ काहीच नाही इतका खाली आलाय, आणि संध्याकाळी तीच वीज विकत घ्यायची तर भाव कडक. म्हणजे दिवसाची वीज घरात साठवून रात्री वापरली तरच फायदा. त्यात १ जुलै २०२५ पासून केंद्र सरकारने बॅटरीच्या किमतीत साधारण ३० टक्के सूट दिली, मग काय, इन्स्टॉलर मिळेना. तुमच्याकडे युनिटला युनिट मिळतोय तोवर बॅटरीचं गणित आमच्यासारखं नाही. इथले व्हिडिओ बघून तिथले निर्णय घेऊ नका एवढंच सांगायला आले.

चार्जर_हरवला | १४ जानेवारी, दुपारी ३.१०

पण महाराष्ट्रातही नियम बदलले तर? जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटरवाल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते ५ च्या वापरावर युनिटमागे ऐंशी पैसे ते रुपयाची सवलत सुरू झाली. म्हणजे दिवसाची वीज स्वस्त आणि रात्रीची महाग, ही दिशा तीच दिसते की. उद्या म्हणाले की दिवसाचा युनिट दिवसाच वळता करा, मग?

डीपीवाला | १४ जानेवारी, सायंकाळी ६.४५

शंका रास्त आहे. दिवसा राज्यात सोलरची वीज वाढत चाललीय आणि संध्याकाळी सहानंतर ओढाताण होते, हे आम्ही नोकरीतच बघायला लागलो होतो. दर आयोगाकडे हे विषय पुन्हा पुन्हा येणार. पण म्हणून आज सव्वादोन लाख जास्तीचे घालायचे? बॅटरीच्या किमती उतरत चालल्यात. पाच वर्षांनी नियम फिरले तर तेव्हा बॅटरी लावता येते. हवं तर ख ला विचारा, बॅटरी नंतर जोडता येईल असा हायब्रीड इन्व्हर्टर आत्ता बसवला तर किती जास्त. वीस-तीस हजारांत देत असेल तर विचार करा. त्याहून जास्त म्हणाला तर सोडा.

आणि ताई, जुना इन्व्हर्टर आहे ना तुमच्याकडे? १५० अँपिअरच्या बॅटरीत १.८ युनिट मावतात. ट्युब्युलर निम्म्याखाली उतरवू नये, म्हणजे हाती पाऊण-एक युनिट. फ्रीज सोडून पंखे-दिवे-वायफाय चार तास सहज निघतात. ती मरेपर्यंत वापरा. एकच ताकीद : सोलरचा ऑनग्रीड इन्व्हर्टर त्या जुन्या इन्व्हर्टरच्या आउटपुटवर कुणाला जोडू देऊ नका. "लाईट गेल्यावरही सोलर चालेल, माझ्यावर सोडा" म्हणणारे हुशार इलेक्ट्रिशियन असतात. त्यात जुना इन्व्हर्टर जळतो, कधी आगही लागते.

श्रीवर्धनकर | १५ जानेवारी, सकाळी ८.००

विजेचं शास्त्र मला कळत नाही, पण वारा कळतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा शेजाऱ्याची अख्खी पत्र्याची शेड आमच्या माडांवर येऊन पडली होती. तीन वर्षांनी सोलर लावलं तेव्हा पॅनेलच्या कंपनीपेक्षा खालच्या लोखंडाची जास्त चौकशी केली. तुम्हीही करा.

स्ट्रक्चर कशाचं? नुसतं "जीआय" (जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड) लिहिलेलं चालणार नाही. हॉट डिप गॅल्व्हनाईज्ड, जस्ताचा थर ८० मायक्रॉन, असं लिहून घ्या. बाजारात जाळीच्या तारेसारखा पातळ मुलामा दिलेले पाईप सर्रास वापरतात, दुसऱ्या पावसाळ्यात जोडांवर तांबेरा. नटबोल्ट स्टेनलेसचे. पाय स्लॅबला भोकं पाडून बसवणार की काँक्रीटच्या ठोकळ्यांवर? भोकं पाडणार असतील तर वॉटरप्रूफिंग कोण करणार आणि गळलं तर जबाबदारी कुणाची? आमच्याकडे पहिल्या पावसात देव्हाऱ्यावरच टपकायला लागलं आणि एजन्सीवाला म्हणतो, स्लॅब जुना आहे. पुण्यासाठी वाऱ्याचा वेग ३९ मीटर सेकंदाला धरतात, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. तुमच्याकडे उंच स्ट्रक्चर तेवढ्याला टिकेल असं कोटेशनमध्ये लिहिलंय का, बघा. पॅनेल एकेक ३० किलोच्या आसपास असतो. तो सुटला तर शेजारचं घर गेलं.

साखरपट्टा | १५ जानेवारी, सकाळी १०.१०

कराडकर आहात म्हणून विचारते, जवळ साखर कारखाना आहे का? आमच्याकडे गाळप सुरू झालं की गच्चीवर काजळीचा सडा. ती पॅनेलवर चिकटते, नुसत्या पाण्याने जात नाही, मऊ फडकं लागतं. हंगामात आठवड्याला धुवा, नाहीतर युनिट खाली येतात. धुवायचं ते उजाडताना किंवा सांजेला, तापलेल्या काचेवर गार पाणी नको. आणि बोअरचं पाणी वापरू नका, क्षाराचे पांढरे डाग पडले की निघता निघत नाहीत. मी टाकीजवळ नळाचं पाणी वेगळं घेतलंय. माझं ३ किलोवॅट गेल्या मार्चमध्ये ४२० देऊन गेलं आणि जुलैत २३०. पहिल्या पावसाळ्यात घाबरू नका.

मोजूनमापून | १५ जानेवारी, दुपारी १.३०

साखरपट्टाताईंचा मुद्दा धरून : उंच स्ट्रक्चर घेताना धुवायला वर पोचणार कसं तेही बघा. आठ फुटांवरच्या पॅनेलला चालायची फळी नसेल तर दुसऱ्या महिन्यापासून कुणी धूत नाही. आणि पाण्याची टाकी पॅनेलच्या उत्तरेला राहील अशी मांडणी करा. एका पॅनेलच्या कोपऱ्यावर सावली पडली तरी त्या ओळीतल्या सगळ्यांचं उत्पादन उतरतं.

कृष्णाकाठ | १५ जानेवारी, रात्री ९.००

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू. आज ख च्या माणसाला घरी बोलावून हे सगळं विचारलं. तो जरा दचकलाच. पण एक भानगड निघाली. मीटर अजून सासऱ्यांच्या नावावर आहे. ते जाऊन सहा वर्षं झाली. तो म्हणतो, काही होत नाही, करून टाकू.

डीपीवाला | १५ जानेवारी, रात्री ९.२०

अजिबात करू नका! अर्ज ग्राहकाच्या नावाने होतो आणि सबसिडी त्याच नावाच्या बँकखात्यात येते. दिवंगत माणसाच्या नावाने अर्ज अडकला की ७८,००० अडकले. आधी नावबदल. मृत्यूचा दाखला, वारसांची संमती, घराची कागदपत्रं लागतील. वेळ लागला तर लागू द्या. मंजूर भार किती आहे तेही बिलावर बघा. दोन किलोवॅट असला तरी काळजी नको, १० किलोवॅटपर्यंतचे अर्ज आता तांत्रिक तपासणीशिवाय मंजूर धरतात आणि भार त्यानुसार वाढवून मिळतो. तीन किलोवॅटला सूर्यघर योजनेतून बिनतारण कर्जही मिळतं, त्याचा व्याजदर रिझर्व्ह बँकेच्या रेपोदराला बांधलेला असतो. हातात रोख नसेल तर सराफाकडे जाण्यापूर्वी बँकेत जा.

चार्जर_हरवला | १५ जानेवारी, रात्री १०.४०

पॅनेल वारी कंपनीचे की अदानीचे, यावर कुणीच बोललं नाही?

मोजूनमापून | १५ जानेवारी, रात्री ११.०५

सबसिडीला डीसीआर लागतात, म्हणजे सेलपासून पॅनेलपर्यंत भारतात बनलेले. ते पाहिजेतच. बाकी मोठ्या कंपन्यांमध्ये निवडण्याइतका फरक मला तरी दिसला नाही. मोनो पर्क आणि टॉपकॉन या पॅनेलच्या दोन प्रकारांत टॉपकॉन उन्हाळ्यात थोडं जास्त देतो, पण चार-पाच हजारांच्या वर जास्त मोजू नका. माल आला की प्रत्येक पॅनेलवरचा अनुक्रमांक टिपा आणि राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेच्या डीसीआर पोर्टलवर तपासा. तपासल्यावरच दुसरा हप्ता. ८० टक्के ॲडव्हान्स तर कुणालाच देऊ नका. ऑर्डरला २०, माल तपासून झाल्यावर ६०, नेटमीटर लागून पहिलं बिल हातात आल्यावर २०. तिसरा हप्ता राखून ठेवला तरच मीटरच्या कामासाठी माणूस महावितरणच्या ऑफिसात चकरा मारतो.

कृष्णाकाठ | २२ फेब्रुवारी, रात्री ८.४५

अपडेट. नावबदल झाला, तीन आठवडे लागले. ख ला ऑर्डर दिली. जीएसटी ८.९ टक्क्यांनीच लावायला लावला. आधी १३.८ लावला होता! हायब्रीड इन्व्हर्टरचे त्याने ४२,००० जास्त सांगितले, म्हणून साधा ऑनग्रीडच. पॅनेल धुवायला चालायची फळी करून दिली, त्याचे २,५०० घेतले. क वाल्याला नाही म्हटलं तर तो लगेच "उंच स्ट्रक्चर फुकट" म्हणाला. आधी का नाही सुचलं? ग वाल्याचा अजून रोज सकाळी शुभेच्छांचा मेसेज येतो.

हप्ते २०, ५०, ३० वर ठरले. शेवटचे ३० ऐकून त्याचा चेहरा पडला होता, पण तयार झाला.

ऑफग्रीड_आबा | २३ फेब्रुवारी, सकाळी ६.१०

पावसाळ्यात आठवण काढाल माझी.

कृष्णाकाठ | ५ एप्रिल, रात्री १०.००

नेटमीटर २० मार्चला लागला. सबसिडी अजून आली नाही, वाट बघतेय. ३१ मार्चपर्यंतच्या अकरा दिवसांत साठवायला फारसं नव्हतंच, त्यामुळे तो फटका या वर्षी बसला नाही. काल एसी दुपारी तीन तास लावला तरी मोबाईलवर दिसत होतं की वर १४ युनिट झालेत. रिमोट कपाटातून बाहेर आलाय.

परवा दुपारी दोनला लाईट गेली. सासूबाई अंगणात गेल्या, वर पॅनेलकडे बघितलं, आणि आत येऊन ह्यांना म्हणाल्या, "अरे, ऊन तर आहे की, मग ह्याला काय झालं?" ह्यांनी डीपीवाला काकांचं सगळं पुराण वायरमनसकट सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तो वायरमन अजून खांबावरच आहे का?"

डीपीवाला काका, एक राहिलं. जुन्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी कधी तपासायचं? दोन वर्षांत एकदाही झाकण उघडलेलं नाही.

डीपीवाला | ६ एप्रिल, सकाळी ६.५०

आजच उघडा. डिस्टिल्ड वॉटरच घाला, नळाचं नको, आणि खुणेच्या वर भरू नका. उन्हाळ्यात दर महिन्याला बघत चला. हातात रबरी मोजे, आणि पोरांना जवळ येऊ देऊ नका.